आलेलुयावाचून एक दिवस

फ्रान्सच्या पश्चिम भागात सार्थ नदीच्या काठी सोलेम नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या संत पेत्राच्या बेनेडिक्टाइन मठात मी आठवडाभर पाहुणा आहे. उपवासकाळाचा तिसरा आठवडा, बुधवार. राखेच्या बुधवारी इथल्या गायनातून एक शब्द बाजूला ठेवला गेला, तो ईस्टरच्या रात्रीच परत येईल. तो शब्द म्हणजे आलेलुया. त्याच्यावाचून इथला दिवस कसा जातो, ते वसईतल्या माझ्या माणसांना सांगावंसं वाटतं.

पहाटे ५.३०

बाहेर मिट्ट काळोख. काळ्या झग्यातले मठवासी दोन बाजूंना समोरासमोर उभे राहतात. वाद्य नाही, ताल नाही, वरचा-खालचा दुसरा सूर नाही. सगळे मिळून एकच आवाज. एक बाजू स्तोत्राचं एक वचन गाते, दुसरी पुढचं. प्रत्येक वचनाच्या मध्यावर सगळे श्वासभर थांबतात. मागच्या बाकावर पुस्तक उघडून मीही हलक्या आवाजात साथ करतो. पहिल्या पहाटे त्या थांब्यावर मी घाईने पुढचा शब्द धरला होता. आता कळतं, की हे गाणं शिकायचं ते तिथेच. शेजाऱ्याचा श्वास ऐकायचा आणि त्याच्याबरोबर पुढे निघायचं.

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात लिहिलेल्या नियमावलीत या प्रार्थनेला ‘देवाचं काम’ म्हटलं आहे. दुसरं कुठलंही काम तिच्या आधी येता कामा नये, असं त्याने बजावलं आहे. दीडशेच्या दीडशे स्तोत्रं आठवड्याभरात म्हणून झाली पाहिजेत, हा दंडकही त्याचाच. इथला कामाचा दिवस गाण्याने सुरू होतो तो असा.

सकाळी ७.३०

उजाडतानाची प्रार्थना, लॉड्स. खिडक्यांच्या काचा हळूहळू उजळतात. नंतरचा नाश्ता ज्याचा त्याने मुकाट्याने करायचा.

सकाळी ९.००

मठवासी आपापल्या कामाला लागतात. इथलं एक काम जगात नावाजलेलं आहे. जुन्या हस्तलिखितांतल्या स्वरखुणा वाचायच्या आणि त्यावरून मूळ चाल शोधायची.

त्याची कथा मोठी आहे. इथला जुना मठ फ्रेंच राज्यक्रांतीत ओस पडला. जवळच्याच साब्ले गावात जन्मलेल्या प्रॉस्पेर गेरांजे या तरुण धर्मगुरूने १८३३ मध्ये मोजक्या सोबत्यांसह तो पुन्हा जागता केला. तोपर्यंत चर्चचं हे जुनं लॅटिन गायन, म्हणजेच ग्रेगोरियन गायन, जड झालं होतं. प्रत्येक स्वर सारख्याच वजनाने, हातोडा मारल्यासारखा गायला जाई. गेरांजेचं म्हणणं होतं, की आधी शब्द नीट उच्चारा, चाल शब्दांमागून येईल. त्याच्या मठातल्या जोसेफ पोतिए यांनी १८८३ मध्ये जुन्या हस्तलिखितांवरून सिद्ध केलेलं गायनाचं पुस्तक छापलं. आंद्रे मोक्रो यांनी १८८९ पासून हस्तलिखितांची छायाचित्रं प्रसिद्ध करायला सुरुवात केली. एकाच गीताच्या दोनशेहून अधिक प्रती त्यांनी शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या शतकांत लिहिलेल्या, तरी चाल जुळत होती. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी हे गायन चर्चच्या संगीताचा आदर्श म्हणून पुढे ठेवलं.

सकाळी १०.००

मिस्सा. एरवी शुभवर्तमानाच्या आधी आलेलुया गातात. त्याच्या शेवटच्या ‘या’वर चाल लांबत जाते. शब्द संपलेला असतो, सूर चालूच राहतो. आपल्या कानाला तो आलापच वाटेल. जो आनंद शब्दांत मावत नाही तो असा गायचा, असं संत ऑगस्टीनचं सांगणं. उपवासकाळात नेमका हाच आनंद मिटून ठेवतात.

त्याच्या जागी आज ‘ट्रॅक्ट’ येतं. त्याला ध्रुवपद नाही. स्तोत्रातली वचनं सलग, मागे न वळता गात जायची. ग्रेगोरियन गायनाचे आठ मोड, म्हणजे स्वरांच्या आठ चौकटी, आहेत, पण सगळी ट्रॅक्ट दुसऱ्या नाहीतर आठव्या मोडमध्येच बांधलेली आहेत. आमच्या पापांच्या मापाने आम्हाला मोजू नकोस, अशी आजची विनवणी आहे.

ख्रिस्तशरीर स्वीकारतानाचं गीत पंधराव्या स्तोत्रातलं आहे. हा लॅटिन बायबलचा क्रमांक, आपल्या मराठी बायबलात ते सोळावं. यात एक जुना हिशेब दडलेला आहे. राखेच्या बुधवारी पहिलं स्तोत्र, मग दुसरं, तिसरं, असं करत झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी सव्विसावं. पाच ठिकाणी स्तोत्राऐवजी शुभवर्तमानातलं वचन येतं. गुरुवार या मोजणीत नाहीत, कारण उपवासकाळातल्या गुरुवारी मिस्सा सुरू झाली ती आठव्या शतकात, पोप दुसरे ग्रेगरी यांच्या काळी. उपवासकाळ म्हणजे एकेका स्तोत्राने चढायची पायवाट आहे, हे मला इथे समजलं.

दुपारी १.००

मध्यान्हीची छोटी प्रार्थना आणि जेवण. पहिल्या दिवशी मठाधिपतींनी पाहुण्याच्या, म्हणजे माझ्या, हातावर पाणी घातलं होतं. जेवताना कुणी बोलत नाही. एक बंधू एका सुरात पुस्तक वाचतो. उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येकाला ग्रंथालयातून एक पुस्तक द्यावं आणि त्याने ते पहिल्या पानापासून सलग वाचावं, असंही बेनेडिक्टने लिहून ठेवलं आहे. पोट थोडं रिकामं ठेवताना कान आणि मन भरायची सोय त्याने केली.

दुपारी ३.००

चर्च रिकामं आहे. बाजूच्या दालनात १४९६ साली घडवलेलं दगडी शिल्प आहे. येशूला कबरेत ठेवत आहेत आणि पुढे मरिया मग्दालिया हात जोडून खाली बसली आहे. ती रडून दाखवत नाही. ओठ मिटून थांबली आहे. इथलं गाणं मला तिच्या चेहऱ्यात दिसलं.

संध्याकाळी ५.००

सायंप्रार्थना. उपवासकाळात ऑर्गन स्वतंत्रपणे वाजत नाही, त्यामुळे उघड्या आवाजाला आडोसा राहत नाही. मला वसईतली जुनी माणसं आठवतात. १९६०च्या दशकापर्यंत आपलीही मिस्सा लॅटिनमध्ये होती. मग दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना वाट करून दिली आणि आपण मराठीत गाऊ लागलो. ते उत्तमच झालं. त्याच परिषदेने ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान दिलं, ते मात्र आपण विसरलो.

रात्री ८.३०

दिवसाची शेवटची प्रार्थना. रोज तीच तीन स्तोत्रं, त्यामुळे अंधारातही म्हणता येतात. शेवटी पवित्र मरियेला वंदन आणि मग सकाळपर्यंत मौन.

ईस्टरच्या रात्री याच चर्चमध्ये आलेलुया परत येईल. तीनदा, दर वेळी वरच्या सुरात. त्यानंतर पेन्टेकॉस्टपर्यंत ते सतत गायलं जाईल. तरी ईस्टरच्या सकाळचं प्रवेशगीत गाजावाजा करत नाही. चौथ्या मोडमधली ती चाल मोजक्या स्वरांत, खालच्या आवाजात फिरते. उठलेला पुत्र पित्याशी बोलतो आहे, आणि ते बोलणं ओरडून करायचं नसतं. उपवासकाळात थांबायला शिकलेला गळाच ते गाऊ शकतो.

उपवासकाळात घरी एवढं करून पाहा. संध्याकाळी रोझरीनंतर एक स्तोत्र आपल्या मराठीतच म्हणा, वाद्यावाचून, दोन बाजूंनी, आणि प्रत्येक वचनाच्या मध्यावर श्वासभर थांबा. आलेलुया तोवर खरोखर बाजूला ठेवा. ईस्टरच्या रात्री ते ओठांवर येईल तेव्हा त्याचं मोल कळेल.