कुत्र्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या? शरीरच स्वतःचे रक्त नष्ट करणारा हा आजार काय आहे, जाणून घ्या

गोचीडताप समजून दुर्लक्ष केले तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. लक्षणे कोणती, तपासणी कुठे करायची, रक्त कुठून आणायचे आणि बरे वाटल्यावरही गोळ्या का थांबवायच्या नाहीत?

जून २०२४ मध्ये उद्योगपती रतन टाटा यांनी इन्स्टाग्रामवर मुंबईकरांना एक विनंती केली होती. मुंबईतील टाटा ट्रस्ट्सच्या स्मॉल ॲनिमल हॉस्पिटलमध्ये दाखल असलेल्या सात महिन्यांच्या कुत्र्याला तातडीने रक्त हवे होते. गोचीडतापाचा संशय होता आणि रक्त जिवावर बेतेल इतके कमी झाले होते. ‘कुत्र्यालाही रक्त चढवतात?’ हा प्रश्न त्या वेळी अनेकांना पडला. पुढे आलेल्या दात्या कुत्र्यांचे आणि त्यांच्या मालकांचे टाटांनी नंतर आभारही मानले.

मुंबईत मोठे रुग्णालय होते आणि आवाहन करणारे नावही मोठे होते. हीच वेळ धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या शेतवस्तीवर आली तर काय? हिरड्या पांढऱ्या पडण्यामागे गोचीडताप असतो, तसाच आणखी एक गंभीर आजार असतो. त्यात कुत्र्याची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्ताला शत्रू समजते. अनेकदा गोचीडतापच या आजाराला सुरुवात करून देतो. त्यामुळे पाळीव कुत्रा असलेल्या प्रत्येक घराला याची माहिती हवी.

नेमका आजार काय?

शरीरात जंतू शिरले की रोगप्रतिकारशक्ती अँटिबॉडी तयार करते. या अँटिबॉडी जंतूला चिकटतात आणि ‘याला नष्ट करा’ अशी खूण करतात. ऑटोइम्यून आजारात ही खूण चुकून स्वतःच्या पेशींवर होते.

ती तांबड्या पेशींवर झाली, तर प्लीहा आणि यकृतातील भक्षक पेशी त्यांना गिळू लागतात. कुत्र्याची तांबडी पेशी एरवी साधारण १०० ते १२० दिवस जगते. या आजारात ती काही दिवसांतच, कधी काही तासांत नष्ट होते. अस्थिमज्जा नव्या पेशी बनवते, पण तिला वेग घ्यायला तीन ते पाच दिवस लागतात. तेवढ्या वेळात रक्त धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. पशुवैद्यक या आजाराला ‘आयएमएचए’ म्हणतात.

हल्ला प्लेटलेटवर झाला, तर रक्त गोठण्याची क्षमता जाते. त्याला ‘आयटीपी’ म्हणतात. काही कुत्र्यांत दोन्ही हल्ले एकाच वेळी होतात.

हा आजार संसर्गजन्य नाही. तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याला किंवा माणसाला होत नाही.

घरी काय दिसते?

सर्वांत सोपी तपासणी म्हणजे ओठ वर करून हिरड्या पाहणे. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला भाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. अशा वेळी डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी.

ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा :

- हिरड्या फिक्या, पांढऱ्या किंवा पिवळसर दिसणे
- लघवी कोऱ्या चहासारखी गडद किंवा लालसर होणे
- थोडे चालल्यावर धाप लागणे, बसून राहणे, खाणे सोडणे
- विश्रांती घेत असतानाही श्वास व हृदयाचे ठोके जलद असणे
- पोटावर, कानाच्या आत किंवा हिरड्यांवर लाल-जांभळे बारीक ठिपके येणे
- नाकातून रक्त येणे, शौच काळे डांबरासारखे होणे

शेवटची दोन लक्षणे प्लेटलेट कमी झाल्याची असतात. उन्हाळ्यात मराठवाड्यात पारा चाळिशीपार जातो. ‘ऊन लागले असेल, दोन दिवसांत बरा होईल’ असे म्हणून वाट पाहिली जाते आणि नेमके तेच दोन दिवस महत्त्वाचे असतात.

गोचिडाचा संबंध कसा?

कधी कधी कोणतेही कारण सापडत नाही. कॉकर स्पॅनिएलसारख्या काही जातींत आणि मध्यम वयाच्या माद्यांत असे तुलनेने जास्त आढळते. कधी मात्र संसर्ग, एखादे औषध किंवा कर्करोग यातून हा आजार सुरू होतो.

आपल्याकडे पहिला संशय गोचिडावर घ्यावा लागतो. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड दोन महत्त्वाचे आजार पसरवते. बबेशिया हा परजीवी थेट तांबड्या पेशीत शिरतो. एर्लिकिया हा जिवाणू पांढऱ्या पेशींत वाढतो आणि प्लेटलेट कमी करतो. दोन्हींमुळे रोगप्रतिकारशक्ती बिथरू शकते. बबेशिया गिब्सोनी या जातीचा आयएमएचएशी असलेला संबंध संशोधनात विशेष ठळकपणे दिसला आहे.

म्हणूनच गोचीडतापाची तपासणी न करता थेट स्टेरॉइड सुरू करणे किंवा गोचीडतापाचे एकच इंजेक्शन देऊन थांबणे, दोन्ही धोक्याचे ठरू शकते. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे औषध साधारण चार आठवडे द्यावे लागते. बबेशियाची औषधे वेगळी असतात आणि ती त्याच्या जातीनुसार बदलतात.

कांद्याबाबतही सावध राहावे. उरलेल्या रश्श्यातील किंवा भाजीतील कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. ही विषबाधा असते, ऑटोइम्यून आजार नव्हे. पण लक्षणे सारखीच दिसतात. मागच्या आठवड्यात कुत्र्याने काय खाल्ले, कोणते औषध दिले, गोचीड दिसली होती का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

निदान कसे होते?

पहिली तपासणी ‘पीसीव्ही’ची. बारीक काचेच्या नळीत रक्त भरून ती यंत्रात फिरवली की तांबड्या पेशींचे प्रमाण काही मिनिटांत कळते. निरोगी कुत्र्यात ते साधारण ३७ ते ५५ टक्के असते.

दुसरी तपासणी स्लाइडवरची. रक्ताच्या थेंबात सलाइन मिसळूनही पेशी गुठळ्या करून राहिल्या, तर हल्ला सुरू असल्याचा तो महत्त्वाचा पुरावा मानला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली लहान, गोल, मधला फिका भाग नसलेल्या तांबड्या पेशी दिसणे ही दुसरी खूण. त्याच स्लाइडवर बबेशियाही दिसू शकतो. मात्र तो दिसला नाही म्हणजे नाहीच, असे नसते. त्यासाठी पीसीआर चाचणी करावी लागते.

अनेक ठिकाणी कुत्र्याचे रक्त माणसांच्या लॅबमध्ये दिले जाते. तिथले यंत्र माणसाच्या पेशींसाठी जुळवलेले असते. त्यामुळे प्लेटलेटचा आकडा चुकू शकतो. अहवालासोबत पशुवैद्यकाने स्लाइड स्वतः पाहणे गरजेचे आहे.

धाराशिवमधून कुठे जायचे?

सुरुवात जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच करावी. हिरड्या पाहणे, ताप मोजणे, रक्ताचा नमुना घेणे आणि पहिले उपचार तिथे होऊ शकतात. १९६२ या टोल फ्री क्रमांकावरील फिरती पथके मुख्यतः गुराढोरांसाठी आहेत. तरीही दुर्गम वस्तीवरून मार्गदर्शनासाठी तिथे फोन करता येतो.

पुढील तपासणीसाठी सर्वांत जवळचे पशुवैद्यक महाविद्यालय लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे आहे. ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. उमरगा-लोहारा भागातून उदगीर सोयीचे पडते. परंडा-भूमकडच्यांना सोलापूर किंवा पुणे गाठणे सोपे. याच विद्यापीठाची परभणी, शिरवळ आणि मुंबईतील परळ येथेही महाविद्यालये आहेत.

निघण्यापूर्वी फोन करून रक्त चढवण्याची सोय आहे का, हे विचारून घ्यावे. प्रवास शक्यतो पहाटे किंवा संध्याकाळी करावा. कुत्र्याला चालवू नये, उचलून गाडीत ठेवावे. आधीचे अहवाल आणि दिलेल्या औषधांच्या पट्ट्या सोबत घ्याव्यात.

रक्त कोण देणार?

कुत्र्यांसाठी रक्तपेढ्या देशात मोजक्याच आहेत. चेन्नईच्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयात अशी सोय आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा दाता कुत्रा मालकालाच शोधावा लागतो.

टाटांच्या आवाहनात दात्यासाठीच्या अटी दिल्या होत्या : वय १ ते ८ वर्षे, वजन सुमारे २५ किलो किंवा जास्त, सर्व लसी व जंतनाशक दिलेले, मोठा आजार नसलेला आणि किमान सहा महिने गोचीड-पिसवांचा त्रास नसलेला. म्हणजे लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड यांच्याबरोबर चांगला पोसलेला मोठा गावठी कुत्राही चालू शकतो. रक्त घेण्यापूर्वी त्याची गोचीडजन्य आजारांची तपासणी करणे आवश्यक असते. अन्यथा रक्तासोबत बबेशियाही दिला जातो.

कुत्र्यांतही रक्तगट असतात. पहिल्यांदा रक्त देताना तीव्र प्रतिक्रिया येण्याची शक्यता माणसापेक्षा कमी असते. दुसऱ्यांदा मात्र रक्त जुळवूनच द्यावे लागते. आयएमएचएमध्ये चढवलेल्या पेशींवरही हल्ला होतो. त्यामुळे रक्त चढवणे हा इलाज नाही. औषधांचा परिणाम सुरू होईपर्यंत मिळवलेला तो वेळ असतो.

गावातील किंवा शहरातील कुत्रे पाळणाऱ्यांनी आपल्या कुत्र्यांचे वजन, लसीकरण आणि फोन नंबर यांची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच करून ठेवली, तर ऐनवेळचे काही तास वाचू शकतात.

उपचार किती दिवस?

मुख्य औषध प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. गरजेनुसार मायकोफिनोलेट, सायक्लोस्पोरिन किंवा अझाथायोप्रिन यांपैकी एखादे जोडले जाते. आयएमएचएमध्ये रक्त कमी असूनही गुठळ्या होण्याचा मोठा धोका असतो. फुप्फुसात गुठळी अडकणे हे मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. म्हणून क्लोपिडोग्रेलसारखे गुठळीरोधक औषधही दिले जाते. प्लेटलेट फारच कमी असतील तर ते द्यायचे की नाही, हे डॉक्टर ठरवतात.

पहिले दोन आठवडे सर्वांत कठीण असतात. बहुतेक मृत्यू याच काळात होतात. वेगवेगळ्या अभ्यासांत आयएमएचएचा मृत्युदर ३० ते ७० टक्क्यांदरम्यान नोंदला गेला आहे. सगळे योग्य करूनही काही कुत्रे वाचत नाहीत, हे कुटुंबाने सुरुवातीलाच समजून घ्यावे. तो मालकाचा दोष नसतो. हा टप्पा पार करणारे अनेक कुत्रे पुढे नेहमीसारखे जगतात.

उपचार साधारण चार ते आठ महिने चालतात. प्रेडनिसोलोनची गोळी स्वस्त आहे. खर्च वाढतो तो दाखल करणे, रक्त चढवणे, प्रवास आणि वारंवारच्या तपासण्यांवर. डॉक्टरांशी पैशांबद्दल पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोलावे. कोणती तपासणी टाळता येत नाही आणि कोणती नंतर करता येईल, हे त्यातून ठरवता येते.

सर्वांत मोठी चूक कोणती?

कुत्रा खायला लागला, शेपूट हलवू लागला की गोळ्या बंद करणे. हल्ला थांबलेला नसतो, औषधाने तो दाबून ठेवलेला असतो. डोस साधारण दर तीन आठवड्यांनी, तेही पीसीव्ही तपासून, थोडा-थोडा कमी केला जातो. अचानक थांबवल्यास आजार उलटतो. शिवाय दीर्घकाळ बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे मंदावलेले असते. त्यानेही कुत्रा कोसळू शकतो.

स्टेरॉइडवर असलेला कुत्रा खूप पाणी पितो, रात्री लघवीला उठवतो, सतत खायला मागतो, धापा टाकतो आणि पाठी-पायांचे स्नायू झिजल्यासारखा दिसतो. हे परिणाम बहुतांशी डोस कमी होईल तसे ओसरतात. पाणी कधीही तोडू नये.

कामाची वेळ आणि गोळीची वेळ आधीच जुळवून घ्यावी. पेरणी, वारी, तुळजापूरची नवरात्र किंवा ऊसतोडीसाठी बाहेरगावी जाणे असेल, तर गोळी कोण देणार हे ठरवून भिंतीवर तक्ता लावावा. त्यावर रोज हिरड्यांचा रंग, लघवीचा रंग, खाणे आणि दिलेली गोळी लिहावी. पुढच्या भेटीत डॉक्टरांना या तक्त्याचा मोठा उपयोग होतो.

हे करू नका

- पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या माणसांच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉल कुत्र्याच्या तांबड्या पेशी आणि यकृताला इजा करते. बाकीच्या दोन गोळ्या स्टेरॉइडसोबत दिल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो.
- गोचीड मारण्यासाठी पिकावरचे कीटकनाशक अंगाला चोळू नका. विषबाधा होते.
- रेबीजसह कोणतीही लस देण्याचा किंवा टाळण्याचा निर्णय स्वतः घेऊ नका. डॉक्टरांना विचारा.

गोचीड कशी रोखायची?

कुत्र्याच्या अंगावर दिसते ती गोचीड एकूण संख्येच्या मानाने थोडीच असते. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. दगडी भिंती, पत्र्याच्या शेडचे कोपरे, कुत्रा बसतो ते पोते ही तिची घरे. म्हणून औषध कुत्र्याला आणि स्वच्छता जागेला, दोन्ही एकाच वेळी हवे. फटी बुजवाव्यात, पोती उन्हात घालावीत किंवा जाळून टाकावीत.

गोचीडरोधक गोळी किंवा मानेवर टाकायचे औषध वजनानुसार पशुवैद्यकाकडून घ्यावे आणि वर्षभर सुरू ठेवावे. रोज संध्याकाळी कान, बोटांच्या बेचक्या, काखा आणि शेपटीखालचा भाग चाचपावा. गोचीड सापडल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. हाताने चिरडू नये. आणि गोचीड काढून झाली की ओठ वर करून हिरड्यांचा रंगही पाहावा.