गाठ पक्की तर सॉसेज पक्कं!

गोव्याची ट्रिप म्हटलं की बीच आणि भाड्याची स्कूटर ठरलेलीच. पण पुढच्या वेळी एक शुक्रवार म्हापशाच्या बाजारासाठी राखून ठेवा. तिथे लालभडक मण्यांच्या माळा टांगलेल्या दिसतील. जवळ गेलात की व्हिनेगर आणि लसणाचा वास येईल. हे चोरिस, गोव्याचं सॉसेज. पोर्तुगीजांकडून नाव आलं, चव मात्र माडाच्या ताडीच्या व्हिनेगरची.

डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे मीठ लावून ठेवायचे, मिरची-लसणाचा मसाला व्हिनेगरमध्ये वाटून त्यात मुरवायचे आणि साफ केलेल्या आतड्यात भरायचे. मग ऊन दाखवायचं किंवा चुलीवर धुरात टांगायचं. पावसाळ्यात ताजे मासे मिळायचे नाहीत, म्हणून मे महिन्यातच घराघरांत बेगमी व्हायची. तिला तिकडे ‘पुरुमेंत’ म्हणतात. खारवलेले मासे, सुक्या मिरच्या आणि या माळा, सगळं त्यातच. आपल्याकडे गावी बियाण्याची कणसं चुलीवर धुरात टांगतात ना, तसंच काहीसं.

आता तुमच्यातले हॉटेल मॅनेजमेंटवाले किंवा रील्स बघून घरीच स्मोकर बनवायला निघालेले, इकडे लक्ष द्या. मसाल्यावर सगळे बोलतात, दोऱ्यावर कुणीच नाही. आणि घोळ होतो तो तिथेच.

नुसता पीळ देऊन नग पाडले तर टांगल्यावर वजनाने पीळ उलगडतो. त्यात मांस वाळताना आकसतं. सुकं सॉसेज तयार होईपर्यंत त्याचं साधारण तीस टक्के वजन घटतं, म्हणजे आज घट्ट वाटणारी गाठ काही दिवसांनी सैल! ओलं आतडं तर साबणासारखं बुळबुळीत. एक टोक निसटलं की अख्खी माळ खाली, थेट निखाऱ्यात.

म्हणून टोकाला दोनदा बांधायचं. आधी मांसाला अगदी लागून एक गाठ. मग उरलेलं रिकामं आतडं त्या गाठीवर दुमडायचं आणि त्यावरून दुसरी. दुमडलेला भाग अडसरासारखा बसतो, मग निसटायला जागाच उरत नाही. स्काउटमध्ये क्लोव्ह हिच शिकला असाल, तर ती इथे वापरा. ओढ पडली की ती आणखी आवळते. दोरा जाड सुती हवा. नायलॉन गुळगुळीत, वर उष्णतेने वितळतो. सुतळीचे तंतू सुटून खाण्यात येतात.

टांगताना दोन नग एकमेकांना चिकटू देऊ नका. चिकटलेल्या जागी धूर पोचत नाही, ती जागा फिकी आणि ओली राहते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. आत हवेचा फुगा दिसला तर स्वच्छ सुईने टोचा. आणि वरचं आवरण कोरडं झाल्याशिवाय धूर देऊ नका, ओल्यावर नुसते काळे ओघळ उठतात.

आता जरा गंभीर. बोट्युलिझम हा जीवघेणा आजार ऐकलाय? लॅटिनमध्ये ‘बोट्युलस’ म्हणजे सॉसेज. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत सॉसेज खाऊन माणसं दगावत होती. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने (तो कवीही होता!) त्याचा अभ्यास केला. 1895 मध्ये बेल्जियममध्ये एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्यामागचा जंतू शोधला. त्याला हवा नको असते, आणि सॉसेजच्या पोटात हवा नसतेच. धूर वरच्या थरावर काम करतो, आतलं मांस टिकतं ते मीठ, आंबटपणा आणि कोरडेपणावर. सॉसेज बनवणारे मोजून नायट्राइटचं मीठ घालतात ते याचसाठी. ते अंदाजाने चिमूटभर टाकायची गोष्ट नाही.

त्यामुळे नाशिकच्या मे महिन्यात होस्टेलच्या गॅलरीत कच्चं मांस आठवडाभर टांगायचा प्लॅन असेल, तर तो सोडा. डुक्कर चालत नसेल तर चिकनचं करा, गाठ तीच. फक्त चिकन गरम धुरातच शिजवायचं. थर्मामीटर सॉसेजच्या मध्यात खुपसा, 74 अंश सेल्सिअस दिसल्याशिवाय खाली उतरवू नका. आणि मित्रांना विकायचा विचार असेल, तर ‘एफएसएसएआय’ची नोंदणी आधी.

म्हापशाहून माळ आणलीच, तर कांदा-बटाट्यासोबत मंद आचेवर शिजवा. तेल घालू नका, तिचीच चरबी सुटते. नंतर सरळ पावात भरा. फक्त त्याआधी दोरा कापून काढा. घाईत तो तसाच राहतो आणि पहिल्याच घासाला दातात अडकतो.