यंत्राची करवत, सुताराचा हात

सीएनसी : संगणकाच्या आज्ञेवर चालणारे कापणी-कोरणीचे यंत्र. पूर्वज : १९५२ साली अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाने दाखवलेले मिलिंग मशीन.

सुतारकामात यंत्राची जुनी चाहूल : पोर्ट्समथ, इंग्लंड, १८०८च्या सुमारास. जहाजांच्या लाकडी कप्प्या घडवणारी अभियंता ब्रुनेलची यंत्रे. ११० कारागिरांचे काम १० माणसांवर आले.

यंत्राकडे गेलेले : ८ बाय ४ फुटी प्लाय कापणे, बिजागरीची भोके, कडपट्टी.

हाताशी राहिलेले : जागेवरचे काम. जुन्या घरात भिंत ओळंब्यात नसते, कोपरा गुण्यात नसतो. पावसाळ्यात फुगलेले दार नेमके कुठे घासते ते बोटांनी चाचपायचे, तेवढ्याच जागी रंधा मारायचा. जास्त मारला, तर उन्हाळ्यात फट.

एआय : आराखडा, कापणीची यादी, प्लायवर तुकड्यांची मांडणी. पटाशी अजून सुताराच्याच हातात.