सेकंडहँड कटिंग मशीन घेताना

प्रेस म्हटलं की सगळ्यांना छपाई आठवते. पण लग्नपत्रिका असो की बिलबुक, कागद सरळ कापला गेला नाही तर चांगली छपाईही वाया जाते. बेळगावात शहापूरला आमचं छोटंसं प्रेस आहे. मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही भाषांतल्या पत्रिका आम्ही छापतो. कापायचं काम मात्र बाहेर द्यावं लागे आणि लग्नसराईत दोन-दोन दिवस नंबर लागत नसे. गेल्या वर्षी आईची भिशी लागली आणि बाबांनी जुनं कटिंग मशीन घ्यायचं ठरवलं. मी त्यांच्यासोबत हिंडलो. तेव्हा जे शिकलो ते सांगतो.

आधी माप बघायचं. २३ × ३६ इंचाचा अख्खा कागद आडवा घालायचा तर ३६ इंचांहून मोठं मशीन लागतं. आम्ही कागद व्यापाऱ्याकडूनच अर्धा करून आणतो, म्हणून आम्हाला ३२ इंची पुरे. शिवाय प्रेसमध्ये थ्री फेज वीज आहे का, दारातून मशीन आत जाईल का, फरशी वजन पेलेल का, हे घरीच बघून निघावं.

मग पातं. दर वेळी धार लावली की ते थोडं झिजतं आणि खाली सरकवून बोल्ट आवळावे लागतात. सरकवायला जागाच उरली नसेल तर पातं संपलं समजायचं आणि नव्या पात्याचा खर्च किमतीत धरायचा. धारेला खाच पडली असेल तर कापलेल्या गठ्ठ्याच्या कडेवर उभी रेघ दिसते.

विकणारा चार कागद कापून दाखवतो. त्यावर जाऊ नये. दोन-अडीच इंच जाड गठ्ठा आपणच न्यावा. कापल्यावर सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा कागद एकमेकांवर ठेवावा. लहान-मोठे निघाले तर पातं बोथट आहे किंवा क्लॅम्पचा दाब कमी पडतोय. नंतर गठ्ठा चारही बाजूंनी कापून एक कागद पालथा करून दुसऱ्यावर ठेवावा. पालथा केल्यामुळे तिरकेपणा दुप्पट होऊन दिसतो. कोपरे जुळले नाहीत तर बॅकगेज तिरका आहे. तो बहुधा सरळ करता येतो, पण त्याचा स्क्रू झिजला असेल तर माप रोज हलणार.

कोल्हापुरात बघितलेलं एक मशीन या सगळ्यात पास झालं. रंगही नवाकोरा. बाबा पैशाचं बोलणार, एवढ्यात माझं लक्ष गेलं. कामगार डाव्या हाताने कागद सारखा करत होता आणि एकाच हाताने बटण दाबत होता. दुसरं बटण तारेने दाबून बांधलेलं! “काम लवकर होतंय,” मालक म्हणाले. बाबा काही न बोलता बाहेर आले.

बाबांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नाहीत. ते कसं झालं हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. परतताना एस.टी.त सांगितलं. ते शिकाऊ होते, बटण असंच बांधलेलं होतं.

दोन बटणं असतात ती दोन्ही हात पात्यापासून लांब राहावेत म्हणून. त्यामुळे कागद मशीनवर ठेवण्याआधीच हे तपासावं: एकच बटण दाबलं तर पातं हलता कामा नये. मध्येच एक सोडलं तर ते थांबलं पाहिजे. दोन्ही दाबून धरली तरी ते एकदाच खाली यावं. यातलं एकही चुकलं तर कितीही स्वस्त असो, मशीन घेऊ नये.

शेवटी आम्ही हुबळीहून रंग उडालेलं एक मशीन आणलं. पातं नवीन घालावं लागलं. पहिल्या दिवशी बाबांनी मला बोलावून फक्त उजवं बटण दाबायला सांगितलं, मग फक्त डावं. मशीन जागचं हललं नाही.

“हां,” बाबा म्हणाले, “आता कागद आण.”