दगडांतलं करिअर

‘दगड गोळा करून पोट भरतं का?’ मुलांनी भूविज्ञान घ्यायचं म्हटलं की घरात हा प्रश्न हमखास येतो. भरतं, पण चिकाटी हवी.

हिऱ्याच्या शोधात निघालेला भूवैज्ञानिक आधी हिरा शोधतच नाही. तो नदीनाल्यांची वाळू चाळून त्यात गार्नेट, इल्मेनाइट असे हिऱ्याचे सोबती शोधतो. ते मिळाले की प्रवाहाच्या उलट दिशेने जात मूळ खडक गाठायचा. मध्य प्रदेशात पन्नाजवळची मझगवां हिरेखाण अशाच जुन्या ज्वालामुखीच्या नळीवर आहे.

पुढे नकाशे, नमुने, ड्रिलिंग. कित्येकदा वर्षानुवर्षे राबून ‘इथे खाण परवडणार नाही’ असा अहवाल द्यावा लागतो. तो प्रामाणिकपणे देणं फार मोलाचं, कारण त्यावर पैसा, जंगल आणि गावं अवलंबून असतात.

बारावी विज्ञाननंतर भूविज्ञानात बीएस्सी, एमएस्सी करावं. त्यानंतर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा दिली की १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं दार उघडू शकतं. खाण कंपन्यांतही संधी असतात.

महिनोन्महिने घराबाहेर राहावं लागतं, हे मुलामुलींनी आणि आईवडिलांनी आधीच बोलून घ्यावं. वाटेत थांबून दगड उचलणारं पोर घरात असेल, तर त्याला नुसतं ओरडू नका.