मोगऱ्याची वाडी आणि बिनभरवशाचे आभाळ

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ, भुईगाव, गास, आगाशी या गावांतील वाड्यांवर, दिवस उजाडण्यापूर्वीच काम सुरू झालेले असते. मोगऱ्याची कळी उमलण्याआधी खुडायची, टोपल्या भरून पहाटेची गाडी गाठायची आणि माल दादरच्या फूलबाजारात उतरवायचा, हा येथील फूलउत्पादक कुटुंबांचा पिढ्यानुपिढ्यांचा शिरस्ता. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके ‘नाशवंत माल’ या दोन शब्दांत ज्याची बोळवण करतात, तो हा माल. भाव नसेल तर भात कणगीत राहू शकते. कळीला मात्र दुसरा दिवस नसतो.

मोगऱ्याचे पीक पाण्याच्या ताणावर उभे असते. थंडीत पाणी तोडावयाचे, झाडाला विसावा द्यावयाचा, मग छाटणी करून खतपाणी घालावयाचे, म्हणजे उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, कळी भरते. हिवाळा कोरडा जाणार, हे या साऱ्या वेळापत्रकाचे गृहीत आहे. १ डिसेंबर २०२१ रोजी या किनारपट्टीवर भर थंडीत पाऊस कोसळला. अशा पावसाने ताण मोडतो; झाड कळीऐवजी पालवीवर जोर धरते. त्याच वर्षी १७ मे रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले, तेही फुलांच्या हंगामातच. भिजलेली कळी तांबूस पडते आणि तिला गजऱ्यात स्थान नसते. (त्या मे महिन्यात टाळेबंदीमुळे देवळेही बंद होती, हा भाग निराळा.)

पुरवठा घटला की किंमत वाढते, हे आम्ही वर्गात शिकवतो. मग माल निम्मा झाला तरी वाढीव दराने उत्पादकाची भरपाई का होऊ नये? कारण दादरला फुले केवळ वसईहून येत नाहीत; पुणे, नाशिक, सातारा भागांतूनही येतात. वसईत पाऊस पडला आणि इतरत्र उघडीप असली, तर वसईकराच्या वाट्याला घटलेला माल आणि न वाढलेला भाव, दोन्ही एकदम येतात. जोखीम स्थानिक, किंमत मात्र परस्थ, असा हा विषम व्यवहार आहे.

अशी जोखीम उचलण्यासाठीच विमा असतो. राज्यातील हवामान आधारित विमा योजना मात्र नावाप्रमाणेच फळपिकांची आहे. पालघर जिल्ह्यातील चिकूला तिचे छत्र आहे, मोगऱ्याला नाही. वास्तविक, केंद्रावर मोजलेल्या पावसावरून भरपाई ठरविण्याची तिची पद्धत मोगऱ्याला विशेष सोयीची. ताणाच्या काळात ठरावीक मर्यादेहून अधिक पाऊस झाला की भरपाई देय ठरावी. पंचनाम्याची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. फूल ही चैनीची वस्तू, हा समज आड येत असल्यास तो सोडला पाहिजे. वाडीवाल्याचे ते रोजचे उत्पन्न आहे.

दुसरी तरतूद पूर्वजांनीच करून ठेवली होती. वाडीतील बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचे तळे, अवकाळी पाऊस पोटात घेई आणि उन्हाळ्यात तेच पाणी झाडांना देई. बांधकामांपायी अनेक बावखले बुजली. जुलै २०१८ मध्ये वसई परिसर पाण्याखाली गेला, त्याची कारणे शोधताना या भरावाकडेही पाहावे लागते. राहिलेल्या बावखलांची महापालिकेने नोंद करावी आणि भराव घालण्यास मनाई करावी. लागोपाठ दोन हंगाम बुडालेल्या वाडीवाल्यापुढे आज एकच विमा उरतो: जमिनीला येणारी बिल्डरची मागणी. त्याचा हप्ता भरावा लागत नाही आणि रक्कम एकदाच मिळते.