करारावरचे इमान

अठराव्या शतकातील फ्रान्सच्या राजाची फौज म्हणजे फ्रेंचांची फौज, असे आपण सहज गृहीत धरतो. परंतु राज्यक्रांतीच्या आरंभी, १७८९ साली, त्या फौजेच्या पायदळात ज्या १०२ पलटणी होत्या, त्यांपैकी २३ परकीयांच्या म्हणून दप्तरी नोंदलेल्या होत्या : ११ स्विस, ८ जर्मन, ३ आयरिश आणि १ लिएजची. राजवाड्याच्या पहाऱ्यावरील स्विस गार्ड पलटण या गणतीबाहेरची. पैशासाठी लढणारे म्हणून या लोकांचा निकाल लावणे सोपे आहे, आणि पुढील शतकाच्या इतिहासकारांनी तो बहुधा तसाच लावला. परंतु ज्या काळी शिपायाचे इमान देशापेक्षा राजाशी, घराण्याशी आणि लेखी कराराशी बांधलेले असे, त्या काळाच्या मापाने पाहू गेल्यास ही चाकरी बेइमानीची तर नव्हतीच, उलट कित्येकदा तिच्यातील इमान मालकाच्या योग्यतेहून मोठे ठरले.

राजाचा हिशेब रोखठोक होता. एक परदेशी मनुष्य चाकरीस ठेवला म्हणजे आपल्या फौजेत एक वाढला, शत्रूस मिळू शकणारा एक घटला, आणि नांगरावरचा एक फ्रेंच रयत सारा भरण्यास गावी शिल्लक राहिला, असे त्या काळचे सेनाधिकारी मांडीत. हा हिशेब शिपायांपुरताच होता असेही नाही; ज्या मार्शल द साक्सने पंधराव्या लुईस त्याचे सर्वांत मोठे विजय मिळवून दिले, तो सॅक्सनीच्या इलेक्टरचा अनौरस पुत्र होता. हंगेरीतील राकोत्सीचे बंड फसल्यावर देशोधडीस लागलेल्या एका सरदाराचा पुत्र बेर्चेनी याने १७२० साली तुर्की मुलखात आश्रयास असलेल्या देशबांधवांतून हुसार स्वारांची पलटण उभी केली, आणि पुढे तोही मार्शल झाला.

या सर्वांत स्विसांची व्यवस्था सर्वांत जुनी व सर्वांत नियमबद्ध. फ्रान्स व स्विस कँटने यांच्यातील सलोखा १५१६ पासूनचा. सोलोथर्न येथे फ्रान्सचा वकील कायम मुक्कामास असे, आणि पलटण देण्याच्या अटी कँटनांशी लेखी ठरत. कंपनीचा कप्तान हा आपल्याकडील पथक्यासारखाच एक प्रकारचा मालक. राजाकडून माणशी ठराविक रक्कम उचलावी, तीतून माणसे जमवावी, त्यांना कपडालत्ता पुरवावा, आणि नफातोटा आपल्या शिरावर घ्यावा, असा तो व्यवहार. मुशाहिरा फ्रेंच शिपायाहून जास्त. प्रॉटेस्टंट कँटनांच्या शिपायांना, कॅथलिक राजाची चाकरी करीत असूनही, आपला धर्म पाळता येई. आणि संत लुईच्या नावाचा बहुमान केवळ कॅथलिकांसच देता येत असल्यामुळे १७५९ साली प्रॉटेस्टंट परकीय अधिकाऱ्यांसाठी निळ्या फितीचे वेगळे पदक काढावे लागले, ही गोष्ट त्या दरबाराच्या व्यवहारचातुर्याची द्योतक आहे. कँटने आपली माणसे एकाच धन्यास देत नसत, याचे फळ मात्र भयंकर होते. १७०९ साली माल्प्लाकेच्या रणात फ्रान्सच्या चाकरीतील स्विस आणि हॉलंडच्या चाकरीतील स्विस समोरासमोर येऊन एकमेकांस कापते झाले.

स्विसांचा सर्वांत मोलाचा हक्क म्हणजे स्वतःचा न्याय : स्विस शिपायाची चौकशी स्विस अधिकाऱ्यांपुढे, स्विस कायद्याने व्हावयाची. परमुलखात हे कवच खरेच. पण १७९० साली नान्सी येथे त्याच कवचाने गळा आवळला. तेथील छावणीत शिपायांनी पलटणीच्या खजिन्याचा हिशेब मागितला. शातोव्हिए या स्विस पलटणीचे दोन शिपाई ही मागणी घेऊन गेले असता त्यांना चाबकाने फोडण्यात आले. त्यावरून छावणी उठली, आणि ३१ ऑगस्ट रोजी बुइए या सेनापतीने शहरात शिरून, रस्त्यारस्त्यांत रक्त सांडून, बंड मोडले. बंडात फ्रेंच पलटणीही सामील होत्या. पण भीषण शिक्षा भोगल्या त्या स्विसांनीच. त्यांच्याच अधिकाऱ्यांच्या न्यायसभेने वीसहून अधिक जणांस देहान्त दिला आणि ४१ जणांस ब्रेस्त बंदरी कैदी गुलाम म्हणून धाडले. हिशेब मागितल्याचा इतका जबर मोबदला फ्रेंच शिपायास मोजावा लागला नाही. दीड वर्षाने वारा फिरला, आणि ते ४१ जण सुटून पॅरिसमध्ये आले तेव्हा त्यांची मिरवणूक निघाली.

आयरिशांची कथा निराळी. त्यांच्यामागे कँटन नव्हते, पदच्युत राजा होता. १६९१ च्या आयर्लंडातील लिमरिकच्या तहानंतर इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्सचे हजारो सैनिक समुद्र ओलांडून फ्रान्सला गेले आणि त्याच राजाचे सैन्य या नात्याने लाल डगले घालूनच फ्रान्सच्या चाकरीत राहिले. ११ मे १७४५ रोजी फाँतन्वाच्या रणात आयरिशांच्या सहा पलटणींनी इंग्रजांच्या उजव्या बगलेवर घाव घातला, तेव्हा दोन्ही बाजूंचे लाल रंग पाहून फ्रेंच घोडेस्वारांनी आपल्याच आयरिशांवर हत्यार चालविले, अशी हकीकत सांगतात. कर्नल डिलन तेथे पडला. आणि लाली नावाच्या कर्नलास राजाने रणांगणावरच बढती दिली.

हाच लाली १७५८ साली आपली पलटण घेऊन पाँडिचेरीस उतरला. बाप आयरिश, जन्म फ्रान्सचा. माणूस शूर, पण उतावळा आणि जिभेने तिखट, आणि हिंदुस्थानात हे दोन्ही दोष महाग पडतात. फोर्ट सेंट डेव्हिड घेताच त्याने फ्रेंच सेनापती बुसीला निजामाच्या दरबारातून माघारी बोलाविले. फ्रेंचांचा दक्षिणेतील जम त्यामुळे उखडला. आणि बुसीच्या हाताखाली कवायत शिकलेला इब्राहिमखान गारदी निजामाची चाकरी सोडून अखेरीस सदाशिवरावभाऊंकडे आला. उदगीरच्या यशात आणि पानिपतच्या अनर्थात त्याच्या पलटणींचा जो भाग आहे, त्याच्या पाठीमागे या आयरिश सेनापतीचा हुकूमही एक कारण म्हणून उभा आहे, हे आपल्या बखरींनी नोंदवावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. २२ जानेवारी १७६० रोजी वांदिवाश येथे लालीचा पराभव करणारा आयर कूट हाही आयरिशच. पुढल्या वर्षी, पानिपत झाले त्याच आठवड्यात, पाँडिचेरी पडली. फ्रान्सने या पराभवाचा बळी म्हणून लालीस उभे केले. ९ मे १७६६ रोजी तोंडात बोळा कोंबून त्याला वधस्थानी नेण्यात आले. व्हॉल्तेअरच्या लेखणीने आणि पुत्राच्या चिकाटीने तो निवाडा रद्द झाला तो १७७८ साली.

जर्मनांविषयी एवढेच सांगतो : ऑक्टोबर १७८१ मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउनच्या नवव्या बुरुजावर रात्री हल्ला झाला, तेव्हा पहाऱ्यावरच्या, इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या हेसियन शिपायाने ‘कोण आहे?’ असे जर्मनमध्ये हटकले. आणि अंधारातून चाल करून येणाऱ्या फ्रान्सच्या शिपायांत रॉयाल-दो-पाँ या जर्मन पलटणीचे लोक होते.

जुलै १७९१ मध्ये स्विसांखेरीज सर्व परकीय पलटणींचा निराळा दर्जा गेला. डिलनची आयरिश पलटण सत्त्याऐंशीवी ठरली, जर्मनांना फ्रेंच आकडे मिळाले. १० ऑगस्ट १७९२ रोजी त्युइलरीच्या वाड्यावर जमाव चालून आला, तेव्हा राजा विधिमंडळाच्या आश्रयास निघून गेला होता आणि त्याच्या मागे सुमारे नऊशे स्विस रिकामा वाडा राखीत होते. गोळीबार थांबवून बराकीत परत जा, असा राजाचा लेखी हुकूम आला; त्यांनी तो मानला, आणि त्यांपैकी सुमारे सहाशे त्या दिवशी अथवा पुढे कैदेत मारले गेले. मला तरी या प्रसंगी हुकूम लिहिणाऱ्यापेक्षा तो पाळणारे अधिक राजस वाटतात.

आयरिश अधिकाऱ्यांपैकी काही जण क्रांतीच्या बाजूस राहिले. त्यांतला आर्थर डिलन १७९४ च्या एप्रिलात गिलोटिनखाली गेला. बाकीच्या पुष्कळांनी देश सोडला, आणि त्याच वर्षी इंग्रज प्रधान पिट याने त्यांना घेऊन तिसऱ्या जॉर्जच्या चाकरीत नवी आयरिश ब्रिगेड उभारली. ज्या सिंहासनावरील राजाला नाकारून त्यांचे पणजोबा लिमरिकहून निघाले होते, त्याच सिंहासनाचा मुशाहिरा त्यांनी घेतला; डगल्याचा रंग तेवढा बदलावा लागला नाही. ही ब्रिगेड १७९८ च्या सुमारास मोडली.